क्लोजअपमध्ये फक्त आवाज कमी करून भागत नाही

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा नट कॅमेऱ्यासमोर भडक का वाटतो, यावर "आवाज खाली घ्या" असा सल्ला देतात. तो अपुरा आहे. आवाज उतरला तरी भुवया आणि मान नाटकातल्याच राहतात.

क्लोजअपला समोरच्याच्या दोन्ही डोळ्यांत आळीपाळीने बघू नका. बुबुळं हलताना पडद्यावर स्पष्ट दिसतात आणि नट बावरल्यासारखा वाटतो. कॅमेऱ्याच्या जवळचा एकच डोळा धरा. ८५ मिमीच्या लेन्सवर अॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) उघडं असेल, तर वीतभर पुढे झुकलात तरी फोकस जातो, म्हणून वजन मागच्या पायावर ठेवा.

आणि हातातली वस्तू! मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा प्रसंग दाखवणाऱ्या लांबच्या शॉटमध्ये, ज्या शब्दावर कप उचललात, क्लोजअपलाही त्याच शब्दावर उचला. नाहीतर कट जुळत नाही आणि संकलक तुमचा उत्तम टेक बाजूला ठेवतो. त्यासाठी तालमीतच हालचाल शब्दाला बांधून टाका, मग शूटिंगला लक्ष समोरच्याचं ऐकण्याकडे राहतं.

हौशी नाटकाचा पाया मात्र वाया जात नाही हो. अतुल कुलकर्णी सोलापुरात 'नाट्य आराधना' या हौशी नाट्यसंस्थेतच घडले, एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) त्यानंतर.