टीबीच्या गोळ्या शेवटपर्यंत कशा निभावल्या? तुमचे अनुभव लिहा

माझ्या भाच्याला फुप्फुसाचा टीबी निघालाय. कोर्स सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. तो पुण्यात खोली घेऊन राहतो, मेसला जेवतो. रोजच्या रोज हे निभावतं कसं आणि अडतं कुठे, ते ज्यांनी स्वतः गोळ्या घेतल्यात किंवा घरच्यांना दिल्यात त्यांच्याकडून ऐकायचंय.

डोंबिवली
मला मळमळीनं छळलं. सकाळी उपाशीपोटी गोळ्या, लगेच लोकलची गर्दी, दादर येईपर्यंत जीव नकोसा व्हायचा. डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घेतली: रात्री जेवणानंतर दोन-अडीच तासांनी गोळ्या आणि सरळ झोप. तेवढ्यानं सुसह्य झालं. आणखी एक, भाच्याला आधीच सांगून ठेवा की लघवी केशरी होते. ते रिफाम्पिसिनमुळे. आमच्या चाळीतल्या एका काकूंनी रक्त जातंय समजून गोळ्याच बंद केल्या होत्या.

बीड, आशा कार्यकर्ती
आमच्याकडे गोळ्या सुटतात त्या दिवाळीच्या सुमारास, टोळ्या ऊसतोडीला निघतात तेव्हा. एक बाई नवऱ्याबरोबर सांगलीकडे निघाली होती, दोघांचा मिळून एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची मजूर जोडी. मुकादमाला कळलं तर तो कामावर घेणार नाही आणि घेतलेली उचल परत मागेल, ही धास्ती. तिनं गोळ्यांची पाकिटं बाजरीच्या पिठाच्या डब्यात, पिठाखाली दडवून नेली. फडात पहाटे काम सुरू, मग गोळी घ्यायची कधी आणि कुणासमोर? मी तिकडच्या आशाताईंचा नंबर मिळवून दिला, तिचं नाव निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, तिकडच्या केंद्राला जोडून घेतलं. त्या ताई बाजाराच्या दिवशी तिच्या कोपीवर (झोपडीवर) जायच्या, गोळ्याही द्यायच्या आणि चौकशीही करायच्या. तिचा कोर्स पूर्ण झाला. आमच्या रजिस्टरला 'औषध सोडले' असा रकाना आहे, पण का सोडलं हे लिहायला त्यात जागा नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

रुग्णाला सरकारकडून मिळणारे पोषणाचे पैसे २०१८ पासून महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. पण खातं नवऱ्याचं असलं की त्यातून अंडी-शेंगदाणे येतीलच असं नाही. बाईचं स्वतःचं खातं आधी उघडून घ्या.

नाशिक
वडिलांना मधुमेहही होता. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर साखर वाढली, कारण रिफाम्पिसिनमुळे शुगरच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा.

भिवंडी
माझा भाऊ यंत्रमागावर होता. दोन महिन्यांत खोकला गेला, वजन भरलं, भूक लागायला लागली. 'आता मी बरा आहे, खाडा केला की मजुरी बुडते,' असं म्हणून त्यानं केंद्रावर जाणं थांबवलं. वर्षभरात टीबी परतला, तोही औषधांना दाद न देणारा. तेव्हा त्याचे उपचार दीड-दोन वर्षांचे असायचे आणि सुरुवातीचे कित्येक महिने रोज इंजेक्शन. त्या इंजेक्शनांनी त्याचा एक कान कायमचा गेला. आता त्यावरही बऱ्याच जणांना सहा महिन्यांचा, फक्त गोळ्यांचा उपचार मिळतो. पण ताई, भाच्याला बरं वाटायला लागेल ना, नेमकं तेव्हा त्याच्याकडे जास्त लक्ष द्या.

कोल्हापूर
लग्नाला वर्ष व्हायच्या आत मला निघाला. ताट-वाटी वेगळी, माहेरी पाठवायची भाषा. गोळ्या मी न्हाणीघरात जाऊन घ्यायचे. शेवटी नवऱ्यानं सासूबाईंना डॉक्टरांसमोर बसवलं. ताटवाटीनं टीबी पसरत नाही आणि औषध नीट लागू पडलं की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप कमी होतो, हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं. त्यानंतर पाण्याचा तांब्या त्याच आणून द्यायच्या. बायकांसाठी अजून एक: या औषधांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. मला हे फार उशिरा कळलं, तुम्ही आधीच विचारा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. आशाताई, तो सुट्टीत महिनाभर गावी गेला तर गोळ्यांचं काय करायचं?

बीड, आशा कार्यकर्ती
निघायच्या आठवडाभर आधी केंद्रावर सांगायचं. थोड्या दिवसांसाठी असेल तर बहुतेक वेळा गोळ्या बरोबर देतात, जास्त दिवस असतील तर नाव गावच्या केंद्राला जोडतात. निक्षय आयडी मोबाइलमध्ये लिहून ठेवायला सांगा. कुठे अडलंच तर टीबीच्या हेल्पलाइनला १८००-११-६६६६ वर फोन करा, फुकट आहे.