शब्दचर्चा: ‘शील्ड अल्सर’ला मराठीत काय म्हणावे?

अक्षरजुळारी: मुलांच्या डोळ्यांच्या व्हर्नल ॲलर्जीवरच्या (तीव्र, वारंवार उसळणारी ॲलर्जी) पालक-पत्रकात, तिच्यामुळे बुबुळावर होणाऱ्या ‘शील्ड अल्सर’ या जखमेला ‘ढालव्रण’ लिहिलंय. चालेल?

बाहुली: ‘ढाल’ ठीक. जखम लंबगोल, आडवी, बहुधा बुबुळाच्या वरच्या भागात असते. ‘व्रण’ मात्र खटकतो. वैद्यकात तो अल्सर, पण घरी “जखम भरली, व्रण राहिला” म्हणतात. पालकांना वाटेल, दुखणं सरलं. सरळ ‘बुबुळावरची उघडी जखम’ लिहा. भरल्यावर पांढरा डाग राहिला, तर त्याला ‘फूल’ आहेच.

अक्षरजुळारी: आणि त्या जखमेच्या तळावर साचणारा ‘प्लाक’? त्याचं मी ‘खपली’ केलंय.

तिरकस: अजिबात नको! खपली काढू नये हे घरोघरी बजावलेलं असतं. इथे नेमकं उलटं. चिकट स्राव, फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारं धाग्यांसारखं प्रथिन) आणि इओसिनोफिल या ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींतली विषारी प्रथिनं तळाशी साचून घट्ट थर बसतो. कडेच्या नव्या पेशींना त्यावरून सरकता येत नाही, म्हणून नुसत्या थेंबांनी जखम मिटत नाही. ‘चिवट थर’ म्हणा.

बाहुली: पण सगळ्यांचंच खरवडायचं असंही वाटू देऊ नका. कॅमेरॉनच्या प्रतवारीत (या जखमेच्या तीन प्रती ठरवणारी पद्धत) तळ स्वच्छ असेल तर पहिली प्रत. ती बहुधा स्टेरॉइडच्या थेंबांनी भरते, सोबत जंतुसंसर्ग टाळायला प्रतिजैविक. तळाशी गाळ दिसला की दुसरी. औषधाला दाद देईना तर खरवडणं. उंच थराची तिसरी. तिथे खरवडणंच, गरजेनुसार वर ॲम्निऑटिक पटल (गर्भाभोवतीच्या पिशवीचा पातळ पडदा). लहान मुलांना यासाठी भूल लागते. जंतुसंसर्गाची शंका असेल तर खरवड तपासणीला पाठवतात.

तिरकस: पत्रकात ‘डोळ्यात इंजेक्शन’ आहे, तेही बदला. पापणी उलटवून, तिच्या कडक पट्टीच्या वरच्या कडेपासून सुमारे १ मिमी वर, आतल्या पातळ त्वचेखाली ते देतात. उदाहरणार्थ ट्रायामसिनोलोन हे स्टेरॉइड २० मिग्रॅ, ०.५ मिलीत. बुबुळाला सुई लागत नाही. नंतर डोळ्याचा दाब मोजत राहावा लागतो, ही ओळ गाळू नका.

अक्षरजुळारी: ‘आराम पडल्यावर थेंब बंद करावेत’ हे ठेवू?

बाहुली: कुठले थेंब? स्टेरॉइड डॉक्टर सांगतील तसे ‘हळूहळू कमी करत’ थांबवायचे. एकदम सोडले तर दाह उसळतो, आणि मनाने चालू ठेवले तर काचबिंदू, मोतीबिंदू. सायक्लोस्पोरिन ०.१ टक्के हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं, स्टेरॉइड नसलेलं थेंबांचं औषध (तीव्र आजारात दिवसातून चारदा) परिणाम दाखवायला काही आठवडे घेतं, म्हणून ते आधीपासून सोबत सुरू असतं आणि स्टेरॉइड सुटल्यावरही चालतं. दोन्ही बाटल्यांसाठी दोन वेगळी वाक्यं लिहा.