फोटो पोस्टकार्डावरचे जोडपे नेमके कोण? लग्नाचे साल ठरवण्याबाबत

वाटसरू_सातारा:
आमच्या घरी फोटो पोस्टकार्ड म्हणून छापलेले एक छायाचित्र आहे. पगडी घातलेला तरुण आणि नऊवारीतील वधू असे हे जोडपे माझे पणजोबा-पणजी असून फोटो त्यांच्या लग्नानंतर लगेच काढलेला आहे, असे घरात सांगतात. मागे पंचम जॉर्जचे तीन पैंचे तिकीट असून शिक्क्यातील साल पुसलेले आहे. लग्नपत्रिकेचा जो तुकडा उरला आहे, त्यावर ‘माघ शुद्ध पंचमी, शके 1844’ एवढेच वाचता येते. मी 78 मिळवून 1922 हे साल धरले आहे. सरकारी नोंद कोठे मिळू शकेल?

जुनी_दप्तरे:
प्रथम साल पाहू. शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत, त्यामुळे माघ-फाल्गुनातील तिथीसाठी 78 नव्हे तर 79 मिळवावे लागतात. म्हणजे हे लग्न 1923च्या जानेवारीतले. हा फरक येथे महत्त्वाचा आहे, कारण पोस्टकार्डाचा दर 1922 मध्येच पाव आण्यावरून अर्धा आणा झाला होता. पंचम जॉर्जची तिकिटे 1911च्या अखेरीस आली. म्हणून तीन पैंत, म्हणजे पाव आण्यात, रीतसर गेलेले कार्ड 1911 ते 1922 या काळातले ठरते आणि ते लग्नाआधीचे आहे. फोटोत थोरले चुलत पणजोबा आणि त्यांची पत्नी असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

टपालप्रेमी:
तर्क पटतो, पण कार्ड नॉटपेड (म्हणजे कमी तिकीट लावून) गेले नव्हते ना, हे आधी पाहावे. तिकीट कमी पडले असते तर कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल झाले असते आणि तशी खूण बहुधा पत्त्याच्या बाजूला दिसली असती. केवळ कार्डाच्या छपाईवरून काळ ठरवू नये. स्टुडिओ कोरी कार्डे साठवून ठेवत आणि काचेच्या जुन्या निगेटिव्हवरून नव्या प्रती काढत.

जुनी_दप्तरे:
सरकारी नोंदीबाबत फार आशा ठेवू नये. पारशी विवाहांची नोंद 1865च्या कायद्याने होत होती आणि ख्रिस्ती विवाहांची चर्चच्या वह्यांत. हिंदू विवाहांसाठी मुंबई राज्याचा नोंदणी कायदा 1953 मध्ये आला. तेव्हा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरू कुळांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्या पाहाव्यात. तेथे आपले गाव आणि कुळ सांगावे लागते. अनेक नोंदी मोडीत असतात, म्हणून वाचणारा सोबत न्यावा. पत्रिकेवर ‘चि. सौ. कां.’ पुढे वधूचे माहेरचे नाव असेल तर ते जपून उतरवून घ्यावे, कारण सासरी नाव बदलल्यावर पुढच्या कागदांत ते क्वचितच सापडते.

वाटसरू_सातारा:
पत्त्याच्या बाजूला नॉटपेडची खूण नाही. पत्ता मात्र पणजोबांच्याच नावाने आहे. स्वतःचा फोटो त्यांना दुसऱ्याने पाठवण्यापेक्षा थोरल्या भावाने आपला पाठवला असणे अधिक संभवते, म्हणून आता त्यांच्या लग्नाचा शोध घेतो.