हस्तिदंतावरची कॅन्टनची चित्रे: रंगाचे पोपडे उठलेत, काय करावे?

गिरणाकाठ (जळगाव): चीनमधल्या कॅन्टन (आजचे ग्वांगझू) बंदराकडची, हस्तिदंताच्या पातळ पत्र्यांवर रंगवलेली चित्रे आहेत. चार चौकटी, प्रत्येक साधारण ९ × १२ सेंमी. नदीकाठी झेंडे लावलेल्या वखारी, पॅगोडा आणि नांगरलेली जहाजे, चंद्रकोरीसारखा किनारा, दोन तीरांवर किल्ले. आकाशाच्या निळ्याचे पोपडे सुटलेत, एक पत्रा मधोमध फुगलाय, काचेला आतून बारीक थेंब आहेत. भिंत कूलरसमोरची. ओल्या कापसाने पुसावे का? चित्रांचा काळ कसा ओळखावा?

जुनाकागद: भाऊ, पाणी अजिबात लावू नका, तोंडाची वाफसुद्धा नको. हस्तिदंत गुळगुळीत असतो, रंग आत मुरत नाही, वरच बसतो. त्यातला डिंक पाण्याने विरघळतो आणि आकाश कापसाबरोबर निघून येते.

खरा शत्रू कूलर आहे. मे महिन्यात दुपारी खोली दमट, बंद केला की हवा कोरडी ठणठणीत. हस्तिदंत ओलाव्याने त्याच्या नैसर्गिक रेषांच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो, मागे चिकटवलेला कागद वेगळ्या मापाने ताणतो. म्हणून पत्रा वाकतो आणि रंग सुटतो. आजच चौकटी उतरवा, चित्र वर ठेवून आडव्या न्या. फुगलेला पत्रा दाबून सरळ करू नका, तडकेल.

घट्ट झाकणाच्या डब्यात खळ नसलेल्या धुतलेल्या सुती कापडाच्या चार-पाच घड्या घालून आतल्या खोलीत ठेवा. छोटा आर्द्रतामापक टाका. ४५ ते ५५ टक्के हवे. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकू नका, त्या हवा फार कोरडी करतात.

थेंब चिकट वाटत असतील तर जुनी काच क्षार सोडत असेल. तो क्षार रंगाला लागला तर नुकसान, म्हणून चौकट संवर्धकाकडूनच (जुन्या कलावस्तू जपणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाकडूनच) उघडून घ्या.

बंदरवाचक: अशा संचात चार ठिकाणे ठरलेली: मकाव (तुमचा चंद्रकोरीसारखा किनारा), बोका टिग्रिस (नदीच्या मुखावरचे किल्ले), व्हाम्पोआ (पॅगोडा आणि नांगरलेली जहाजे), कॅन्टन (झेंड्यांच्या वखारी). परदेशी जहाजे व्हाम्पोआलाच थांबत, पुढे सुमारे २० किमी माल होड्यांतून कॅन्टनला जाई. अमेरिकी झेंडा असेल तर चित्र १७८४ नंतरचे. वखारींपुढच्या बागेत चर्च आहे का?

गिरणाकाठ: हो, मनोऱ्याचे आहे.

बंदरवाचक: मग १८४७ च्या सुमाराचे किंवा नंतरचे. १८५६ च्या डिसेंबरात वखारी जळाल्या, पण चित्रकार जुन्या नमुन्यावरून पुन्हा पुन्हा रंगवत. म्हणून '१८५६ च्या आधीचेच' असे म्हणू नका.

जुनाकागद: खरा हस्तिदंत की नकली हे बघायला तापवलेली सुई टोचून पाहू नका. भिंगाखाली हस्तिदंताच्या रेषा किंचित वळणाच्या, कमीजास्त अंतराच्या दिसतात. सेल्युलॉइडच्या (नकली हस्तिदंतासाठी वापरलेल्या जुन्या प्लास्टिकच्या) अगदी सरळ आणि समान. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे हस्तिदंत विकता येत नाही. मालकीच्या कागदांबद्दल वनविभागाशी आधी बोला, मग संवर्धकाकडे न्या.