वॉकी-टॉकी खरेदीबाबत चर्चा

सचिव: नमस्कार. दिवाळीनंतर आपल्या सोसायटीच्या चार गाड्या दापोलीहून केळशी, वेळास बाजूच्या मातीच्या रस्त्यांनी जाणार आहेत. घळीत उतरल्यावर मोबाइलची रेंज जाते, म्हणून गाड्यांमध्ये बोलण्यासाठी वॉकी-टॉकी घ्यावेत असे ठरले आहे. कोणते घ्यावेत, याबाबतची मते आजच कळवावीत.

क-३०२: मी ऑनलाइन पाच वॅटचे चिनी सेट पाहिले आहेत. ते स्वस्त आहेत आणि खोक्यावर दहा किलोमीटरचा पल्ला लिहिलेला आहे. मग वेगळे शोधण्याची गरज काय?

अ-१०४: दादा, त्या सेटची अडचण किमतीत नसून परवान्यात आहे. आपल्याकडे हातातले वॉकी-टॉकी विनापरवाना वापरायचे असतील, तर ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले आणि अर्ध्या वॅटचे असावे लागतात, तर तुम्ही पाहिलेले सेट त्या पट्ट्याबाहेर सहज प्रक्षेपण करतात आणि त्यात इतर यंत्रणांच्या वारंवारताही येतात. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल १३ ई-कॉमर्स मंचांना नोटिसा दिल्या होत्या. खरेदी करताना सेटला ईटीए, म्हणजे रेडिओ उपकरणाच्या नमुन्याला मिळणारी सरकारी मान्यता आहे का, एवढे तरी विक्रेत्याला विचारावे.

पल्ल्याचे म्हणाल, तर उघड्या समुद्रावर उभ्या माणसाच्या हातातल्या दोन सेटना क्षितिज सुमारे दहा किलोमीटरपर्यंत मिळते, आणि खोक्यावरचा आकडा बहुधा अशाच मोकळ्या जागेचा असतो. आपल्या मुलखात मात्र मध्ये कातळाचा एक सडा, म्हणजे उंच पठार, आडवा आला की पाच वॅटचा सेट आणि अर्ध्या वॅटचा सेट जवळपास सारखेच मुके होतात; तिथे वॅट वाढवण्यापेक्षा चार पावले चढून सड्याच्या माथ्यावर जाणे अधिक उपयोगी ठरते. शिवाय गाडीचा पत्रा लहरी अडवतो, म्हणून बोलताना सेट खिडकीबाहेर धरावा. घळीत मी एक-दोन किलोमीटरच धरून चालेन आणि आपला ताफा तेवढ्याच अंतरात ठेवीन.

क-३०२: मग गाडीवर बसवायचा सेट?

अ-१०४: २७ मेगाहर्ट्झचा सीबी, म्हणजे सामान्य नागरिकांसाठीचा पट्टा पाच वॅटपर्यंत परवान्याशिवाय वापरता येतो. पण त्याची तरंगलांबी अकरा मीटर असल्याने योग्य अँटेना पावणेतीन मीटरच्या घरात जाते. फणसाच्या फांद्यांखालून ती सुखरूप कशी न्यायची, हे ज्याचे त्याने पाहावे. आखूड अँटेना मिळते, परंतु तिची कार्यक्षमता कमी पडते.

ब-२०१: काका, माझ्या भावाच्या हर्णैच्या ट्रॉलरवरचा जुना मरीन सेट मिळू शकतो, तो चालेल का? आणि दुबईहून दीर सॅटेलाइट फोन आणतो म्हणतात.

अ-१०४: वहिनी, मरीन सेट समुद्रासाठीच आहे. त्यातील १६ क्रमांकाचा चॅनेल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हा संकटातल्या नौकांच्या हाकेसाठी राखलेला असतो. रस्त्यावरून त्यावर गप्पा मारणे बेकायदेशीर तर आहेच, पण हाक ऐकणाऱ्यांच्या कामातही व्यत्यय आणणारे आहे. सॅटेलाइट फोनबाबत दिरांना आजच कळवावे, कारण थुराया किंवा इरिडियमचा संच परवानगीशिवाय भारतात आणला, तर विमानतळावरच अटक होऊ शकते.

सचिव: आणीबाणीचे काय? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर वीज आणि मोबाइल दोन्ही गेले, तेव्हा मुंबईतल्या नातेवाइकांना आपण सुखरूप आहोत एवढे सांगणेही कठीण झाले होते.

अ-१०४: त्यासाठी अर्ध्या वॅटचे सेट पुरे पडणार नाहीत, ते वाडीपुरतेच आहेत. सोसायटीतील दोघा-तिघांनी दूरसंचार विभागाची हॅम, म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा द्यावी. वयाची अट फक्त १२ वर्षांची आहे, रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्सची, म्हणजे टिंब-रेषांच्या संकेतलिपीची परीक्षा नसते, आणि उत्तीर्ण झाल्यावर व्हीयू३ ने सुरू होणारे कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचे ओळखचिन्ह मिळते. मग १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर गच्चीवर अँटेना उभी करून बोलता येते आणि शॉर्टवेव्हवरून त्याहून फार दूर पोहोचता येते. यंदा मात्र सहलीसाठी मान्यताप्राप्त अर्ध्या वॅटचे पाच सेट घ्यावेत: चार गाड्यांना चार आणि गच्चीवर एक. पेन्सिल सेल घालता येणारे पाहावेत, म्हणजे चार्जरवाचून अडणार नाही.

क-३०२: पटले. माझा प्रस्ताव मी मागे घेतो.

सचिव: मग पाच सेट घेऊ. सेट आल्यावर पहिल्या रविवारी गच्चीवर मी राहीन. दादा, तुम्ही हर्णैच्या रस्त्याने खाली जात जावे आणि आवाज जिथे तुटेल तिथे थांबून गाडीचे किलोमीटर लिहून घ्यावेत.

ब-२०१: सेल मी आणते.