अनुभव धागा: रात्री अर्धवट बांधकामात शिरलेले सोलापूरकर

परवा भाच्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. दोन पोरं रात्री कुठल्याशा टॉवरच्या साइटवर चढतात, वरून शहराचे दिवे दाखवतात. म्हणाला, "मामा, याला अर्बन एक्सप्लोरेशन म्हणतात." मी म्हटलं, बे, हे आम्ही 1996 ला केलंय. नाव तेवढं माहीत नव्हतं, आणि घरी गेल्यावर मार होता.

निमित्त गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचं. 16 जानेवारीच्या रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं. खालून बघायचं तर पुढच्याच्या खांद्यावरचं पोरगं दिसतं, आकाश नाही. पार्क चौकाच्या जवळपास एक चार मजली सांगाडा उभा होता. पुढे पत्रे लावलेले, मागच्या बाजूला एक पत्रा वाकलेला. आम्ही तिघं त्यातून आत.

जिन्याला कठडा नव्हता. दुसऱ्या मजल्यावर पोचलो आणि तिघेही थिजलो, कारण अंधारात ओळीनं माणसं उभी होती. कोणी हलेना. मग वास आला, ओल्या पोत्याचा. कॉलम नवे भरले होते, त्यांना पाणी धरून ठेवायला बारदान गुंडाळलेलं. एकाच्या बारदानातून थेंब पडत होता, टप... टप. वर दारूकाम सुरू झालं की त्या बारदानांवर हिरवा, लाल उजेड पडायचा आणि परत माणसं व्हायची. आकाश मी फारसं बघितलंच नाही.

तेवढ्यात खालून टॉर्च. "यारू?" कानडी वॉचमन. पळताना माझा पाय चौथऱ्याच्या ताज्या काँक्रीटमध्ये घोट्यापर्यंत रुतला. चप्पल तिथेच राहिली. त्यानं ती काढून माझ्या हातात दिली, मग पाठीत एक घातली, आणि दोन्ही वेळा कानडीत काहीतरी बोलला. त्याच्या टॉर्चला सायकलच्या ट्यूबचं लाल रबर गुंडाळलेलं होतं, एवढं लक्षात आहे.

तुमचे असतील तर सांगा. साइट, बंद गिरणी, अर्धा पूल, काहीही चालेल. जागेचं आणि बिल्डरचं नाव नको. आणि जाऊन या असं मी कोणाला सांगत नाहीये.

कडक भाकरी: जुळे सोलापूर, सहावा मजला, लॉकडाऊनच्या आधीचा हिवाळा. माझाच फ्लॅट बुक होता, म्हणून मला ती घुसखोरी वाटली नव्हती. बायकोला "आपला हॉल" दाखवायला रात्री नऊला घेऊन गेलो. हॉल म्हणजे चार कॉलम आणि वारा. होटगी रोडच्या बाजूला साखर कारखान्याचे दिवे आणि चिमणी दिसत होती, गळीत हंगाम चालू होता. बायको म्हणाली, बाल्कनी इकडेच घ्या. बाल्कनी मिळाली. चिमणी विमानतळाला अडथळा म्हणून 15 जून 2023 ला पाडली. ती आडवी होताना मात्र बाल्कनीत अख्खी सोसायटी जमली होती, चहा आम्हीच पाजला.

भोंगा: माझं जरा वेगळं. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. सोलापुरातली पहिली गिरणी 1877 ची, पुढे एकेक उभी राहिली आणि एकेक बंद पडली, ते सगळ्यांना माहीत आहे. अशाच एका बंद गिरणीच्या जागेवर इमारतीसाठी खड्डा घेतला होता. वडिलांना रात्री झोप यायची नाही. म्हणाले, चल की, बघून येऊ. वय अडुसष्ट, हातात काठी, आणि मला म्हणतात पत्रा जरा धर.

खड्ड्याच्या भिंतीत विटांची एक कमान अर्धी कापली गेली होती. आत काळं कुळकुळीत. मला वाटलं भुयार, किल्ल्याकडे जात असेल. (सोलापुरात प्रत्येक भोक किल्ल्याकडे जातं.) वडील हसले. बॉयलरचा धूर जमिनीखालून चिमणीपर्यंत नेणारा बोगदा होता तो. त्यांनी बोट फिरवलं, काजळी अजून निघत होती. ते बोट त्यांनी रुमालाला पुसलं आणि रुमाल धुवायला टाकला नाही.

सेंट्रिंग प्लेट: पंचवीस वर्षं साइटवर आहे, म्हणून वाईटपणा घेतो. वर सगळ्यांनी पायऱ्या, कॉलम, वारा लिहिलं. वरून खाली पडायचं भोक कोणी लिहिलं नाही. लिफ्टच्या जागेला दार शेवटी बसतं, तोवर ते वरपासून खालपर्यंत भोक असतं. डक्टवर, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीवर, कधीकधी नुसता प्लायवूड टाकलेला असतो, रात्री तो जमिनीसारखाच दिसतो. स्लॅबखालचे टेकू मोठ्या गाळ्याला (दोन आधारांमधलं अंतर जास्त असेल तर) चौदा दिवस तरी हलवायचे नसतात, आणि पोरं अंधारात त्यांनाच धरून वाकून जातात. स्लॅबवर मसाल्याचे छोटे बांध घालून आळी करून पाणी भरलेलं असतं, त्याखाली वायर असली तर? उभ्या सळया तर छातीएवढ्या उंच. मी दिवसा हेल्मेट घालून दोनदा पडलोय. बाकी धागा छान.

दोन घागरी: आमचं एक्सप्लोरेशन पाण्यासाठी होतं. 2016 चा उन्हाळा, उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे वापरायचा साठा संपलेला. नळाला पाणी कधी पाच दिवसांनी, कधी आठ, आणि आलं तर रात्री दोनला. समोरच्या साइटवर बोअर होता, स्लॅबला रोज पाणी मारायचे. आम्ही चौघी जावा-शेजारणी रात्री अकराला घागरी घेऊन पत्र्याआड. वॉचमनची बायको तेलुगू बोलायची, आमच्यातली एकच पद्मशाली, म्हणजे घरी तेलुगू बोलणारी, ती पुढे. ठरलं असं की माणशी दोन घागरी, आणि तिच्या पोरीला सकाळी दूध. मुकादमाला कळलं तेव्हा तो म्हणाला, स्लॅब कच्चा राहिला तर तुमच्यामुळे. इंजिनिअर साहेब, खरंच राहतो का?

सेंट्रिंग प्लेट: ताई, सोलापूरच्या उन्हात दहा दिवस तरी पाणी लागतंच. पण आठ घागरींनी काही होत नाही. मुकादमानं स्वतः किती दिवस मारलं ते विचारायचं होतं.

तिसरा मजला: तुम्ही सगळे रिकाम्या साइटवर गेलात असं लिहिलंय. रिकामी नसते. आम्ही तिथे राहायचो.

बाबा वॉचमन, गाव अफजलपूरकडचं. माझी बारावीपर्यंतची घरं म्हणजे दुसऱ्यांच्या इमारतींचे खालचे मजले. एका भिंतीला प्लास्टर झालं की आई त्या बाजूला चूल हलवायची, दार-खिडक्या बसल्या की आमचा मुक्काम संपला. पहिल्यांदा फरशी पायाला लागायची त्याच आठवड्यात निघायचं. अभ्यास साइटच्या बल्बखाली. त्याला किडे फार, म्हणून मी पाण्याच्या टाकीजवळ बसायचो, तिथे किडे पाण्यात पडायचे.

रात्री पोरं शिरायची, दारू प्यायला, सिगारेटला, नुसतीच. चोराची बाबांना भीती नव्हती. सळई चोरणारा टेम्पो घेऊन येतो, त्याचा आवाज येतो. भीती पोरांची. एखादं पडलं तर पोलीस पहिलं कोणाला विचारणार? म्हणून ते हातात सळईचा तुकडा ठेवायचे आणि कॉलमवर ठोकायचे, ठण्ण, की पोरं स्वतःच उतरायची. मी झोपेत मोजायचो, किती चढली, किती उतरली.

धागाकर्ता: बाबा 96 ला पार्क चौकाजवळ होते का? टॉर्चला लाल रबर?

तिसरा मजला: अर्ध्या सोलापूरच्या वॉचमनच्या टॉर्चला लाल रबर असायचं, काका. बाबांना विचारलं. म्हणाले, चपला लई जणांच्या काढल्या.