कटलिस्टसाठी खुले प्रमाण हवे का? सोलापूरच्या फर्निचर व्यावसायिकांसाठी चर्चा

काटकोन (धागाकर्ता)

सोलापुरात मॉड्युलर फर्निचरच्या व्यवसायात असलेल्या सर्वांनी, म्हणजे डिझायनर, शोरूमवाले, सुतार आणि पॅनेल कापून देणारे जॉबवर्कवाले यांनी मिळून, आपसांत माहिती देण्याघेण्यासाठी एक खुले प्रमाण ठरवावे, ते कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचे नसावे आणि त्याची सुरुवात कटलिस्टपासून, म्हणजे कापायच्या तुकड्यांच्या मापांच्या यादीपासून व्हावी, असे माझे मत आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे पॅनेल कापण्याचे, एजबँड (कडेला चिकटवायची पट्टी) लावण्याचे आणि भोके पाडून देण्याचे काम आहे. माझ्याकडे येणारी यादी कधी एक्सेलमध्ये असते, कधी पीडीएफमध्ये, कधी डीएक्सएफमध्ये (संगणकावरच्या आराखड्याची फाइल) आणि बऱ्याचदा व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या वहीच्या पानाच्या फोटोत. ‘शटर (कपाटाचे दार) ७१७ × ५९७, दोन नग’ एवढेच लिहिलेले असते. हे तयार माप आहे की कापायचे? चारही कडांना २ मिमीचा एजबँड लागणार असेल, तर तयार मापासाठी तुकडा ७१३ × ५९३ कापावा लागतो. पण डिझायनरच्या सॉफ्टवेअरने एजबँड आधीच वजा केलेला असला आणि आम्ही तो पुन्हा वजा केला, तर शटर उंचीत आणि रुंदीत ४-४ मिमी कमी भरते. शेजारी शेजारी दोन शटर बसवली की मधली फट ग्राहकाला दारातूनच दिसते.

मापाच्या एककाचा घोळ वेगळाच आहे. साइटवरचा सुतार ‘तेवीस इंच पाच सूत’ (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सांगतो, तेव्हा ते ६०० मिमी धरायचे हे मला सवयीने कळते. मशिनवर नव्याने बसलेल्या मुलाला ते कोण सांगणार? लॅमिनेटची रेष उभी की आडवी, हे यादीत क्वचितच लिहिलेले असते. पहिले माप रेषेच्या दिशेचे असा एक संकेत आहे खरा, पण तो पाळणारे आणि न पाळणारे दोघेही माझे ग्राहक आहेत. डीएक्सएफ फाइल आली, तर भोकाची खोली लेयरच्या (आराखड्यातल्या थराच्या) नावात लपवलेली असते, आणि ते नाव प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या पद्धतीने ठेवते.

म्हणून माझा प्रस्ताव अगदी लहान आहे. कोणत्याही संगणकावर उघडेल असा साधा सीएसव्ही तक्ता असावा, माप फक्त मिलिमीटरमध्ये असावे, आणि प्रत्येक तुकड्यापुढे माप तयार की कापायचे, रेषेची दिशा, लॅमिनेटसह प्रत्यक्ष जाडी, चारही कडांचा एजबँड आणि भोकांची जागा व खोली एवढे रकाने सक्तीचे असावेत. हा तक्ता वापरण्यासाठी कोणाला परवाना घ्यावा लागू नये.

जुना रंधा

काटकोन यांनी अडचण नेमकी सांगितली आहे, पण उपाय मला पटलेला नाही.

फर्निचरच्या माहितीसाठी जागतिक प्रमाण नाही, असा कोणाचा समज असेल तर तो बरोबर नाही. उत्पादनाच्या माहितीसाठी ‘स्टेप’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयएसओ १०३०३ या मालिकेत फर्निचरचा कॅटलॉग आणि अंतर्गत सजावट यांसाठी २३६ वा भाग २००६ मध्येच प्रसिद्ध झाला. युरोपातील संशोधन संस्थांनी त्यासाठी कित्येक वर्षे मेहनत घेतली. आज आपल्यापैकी कोणाच्या दुकानात त्याचे नाव तरी निघते का? याउलट डीएक्सएफ १९८२ पासून ऑटोकॅडबरोबर आले आणि एका कंपनीचे असूनही घराघरांत पोहोचले, कारण कंपनीने त्याचा तपशील उघड केला आणि ते सॉफ्टवेअर सगळ्यांच्या हातात होते. आधी वापर रुळतो आणि मग प्रमाण ठरते. आपण उलट्या बाजूने निघालो आहोत.

बिजागरीचे उदाहरण घ्या. शटरमध्ये ३५ मिमीचा कप (बिजागरीची गोल वाटी) आणि कपाटाच्या बाजूला ३२ मिमी अंतरावर ५ मिमीची भोके हे माप आज सगळीकडे चालते. इथल्या कोणत्याही दुकानदाराला त्यासाठी बैठक घ्यावी लागली नाही.

आपल्याच गावातले पाहा. चादरीची नक्षी जॅकार्डच्या पुठ्ठ्यांत भोके पाडून साठवत असत, पण एका हुकसंख्येसाठी (धागे उचलणाऱ्या हुकांच्या संख्येसाठी) पाडलेले पुठ्ठे दुसऱ्या हुकसंख्येच्या मागावर चालत नसत. म्हणून कारखानदारांनी सगळे माग एकसारखे केले नाहीत. ज्याने त्याने आपल्या मागापुरते पुठ्ठे पाडून घेतले आणि धंदा चालला.

दुसरे, आणि माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे: माझ्या कपाटाच्या आतली जोडणी, कुठे मिनिफिक्स (फिरवून घट्ट होणारा धातूचा जोड) घालतो आणि कुठे डॉवेलवर (लाकडी खुंटीवर) भागवतो, यातच माझी कमाई आहे. ती कोणालाही वाचता येईल अशा तक्त्यात उतरवून दिली, की ग्राहक तोच तक्ता घेऊन पुढच्या दुकानात भाव विचारणार.

हिशेबनीस

मी फर्निचरवाला नाही, काही फर्निचरवाल्यांचे हिशेब पाहतो. प्रमाण आपोआप रुजत नाही, या मुद्द्यावर मी जुना रंधा यांच्या बाजूचा आहे. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसचा साचा आधीच ठरलेला होता, तरी तो लोकांच्या अंगवळणी पडला तो सक्तीमुळे: ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरच्या उलाढालीपासून सुरुवात झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मर्यादा ५ कोटींवर आली. त्या बिलात फर्निचरचा एचएसएन (वस्तूचा वर्गीकरण क्रमांक) ९४०३ लिहिला की कराचे काम भागते. शटरला एजबँड किती, हे सरकार कधीच विचारणार नाही. मग सक्ती करणार कोण? माझ्या मते इथे ती ताकद एकट्या जॉबवर्कवाल्याकडे आहे, आणि तीही दरपत्रकातून: ठरलेल्या तक्त्यात यादी आली तर एक दर, फोटोत आली तर वाढीव.

काटकोन

हिशेबनीस यांची सूचना मला मान्य आहे आणि ती मी माझ्या दरपत्रकात घालणार आहे. पण सक्तीशिवाय काहीच होत नाही, हे मान्य नाही. जर्मनीतील हेर्फोर्ड येथे किचन आणि सोफा उत्पादकांच्या माहितीची प्रमाणे सांभाळणारे एक केंद्र आहे. उत्पादक आपला कॅटलॉग ठरलेल्या एक्सएमएल साच्यात देतात आणि विक्रेत्याच्या प्लॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये तो वाचला जातो. कायद्याने कोणाला तिथे ढकलले नाही. एकाच कॅटलॉगची माहिती प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी पुन्हा भरण्याचा खर्च सगळ्यांनाच जड जात होता.

बिजागरीचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. कप ३५ मिमीचा सगळ्यांचा सारखा, पण त्याच्या शेजारच्या दोन स्क्रूंची भोके (आपसांतले अंतर आणि कपाच्या मध्यरेषेपासूनचे अंतर) एका कंपनीच्या बिजागरीला ४५ आणि ९.५ मिमीच्या हिशेबाने लागतात, तर दुसऱ्या कंपनीच्या बिजागरीला ५२ आणि ५.५ मिमीच्या. यादीत नुसते ‘३५ चा कप’ लिहून आले, की मला फोन करावा लागतो. तो न करता भोके पाडली, तर शटर बाद. बाजाराने आपोआप ठरवलेले प्रमाण असे अर्ध्यावर थांबते.

गुपिताच्या मुद्द्याला एवढेच उत्तर देतो की कटलिस्ट आजही माझ्या हातात येतेच. तक्ता खुला असावा म्हणजे त्याचे रकाने कोणते, हे सर्वांना माहीत असावे. त्यात भरलेली मापे ज्याची त्याची राहतील. ग्राहकाला तो तक्ता द्यायचा की नाही, हे दुकानदारच ठरवणार.

आरेखन

दोन्ही बाजू जॉबवर्क आणि दुकान यांच्यापुरता विचार करत आहेत. मी जुळे सोलापुरात इंटिरियर डिझायनर म्हणून काम करते. वाढीव दराचा भार शेवटी माझ्यावर येणार, कारण ‘तुमच्या फाइलमुळे पैसे जास्त लागले’ हे ग्राहक मलाच ऐकवणार. काही सॉफ्टवेअरमध्ये कटलिस्ट नीट बाहेर काढण्याची सोय महागड्या आवृत्तीतच मिळते. ती परवडत नसेल, तर मी सगळे रकाने रात्री बसून हाताने भरायचे का? हाताने भरले की चुका आल्याच.

शिवाय माझा जास्त वेळ कटलिस्टमध्ये जातच नाही. तो जातो लॅमिनेटचे नंबर शोधण्यात. एकाच कंपनीच्या फोल्डरमधला नंबर पुढच्या फोल्डरमध्ये बदललेला असतो, किंवा तो रंगच बंद झालेला असतो आणि वितरकाला ते ऑर्डर दिल्यावर कळते. चिमणीचे आणि ओव्हनचे नेमके माप पीडीएफच्या चौदाव्या पानावर सापडते. खुल्या प्रमाणाची खरी गरज तिथे आहे, आणि ते प्रमाण सोलापुरात बसून आपण आणू शकणार नाही. ते उत्पादकांनीच आणले पाहिजे.

काटकोन

आरेखन यांचे म्हणणे योग्य आहे. लॅमिनेटच्या नंबरांबाबत मी काहीही करू शकत नाही. हाताने भरण्याचा त्रास मात्र कमी करता येईल. तुमचे सॉफ्टवेअर जी यादी देते, तिचा एक नमुना पाठवा. तिच्यातले रकाने आमच्या तक्त्यात बसवून देणारी एक्सेल शीट मी करून घेईन आणि ती सर्वांना मोफत देईन. तुमच्याकडे राहतील फक्त रेषेची दिशा आणि तयार की कापायचे माप, हे दोन रकाने.

जुना रंधा

चर्चा इथवर आली, ते बरे झाले. आता मूळ भांडण उघड बोलतो. आज फोटोवरून कापलेला तुकडा चुकला, तर जॉबवर्कवाला म्हणतो माप अस्पष्ट होते, सुतार म्हणतो वाचायला चुकले, आणि ८ × ४ फुटी शीटचे नुकसान दोघे मिळून सोसतात. ‘तयार माप’ असा रकाना भरून दिला, की तो भरणाऱ्याची सही झाली. पुढे चूक निघाली, तर शीटचे पूर्ण पैसे त्याच्या बिलात. माझ्याकडचे सुतार वीस वर्षे अचूक काम करत आले आहेत, पण त्यांच्यातला एकही जण असा रकाना भरायला तयार होणार नाही. तो फोटोच पाठवील आणि वाढीव दर माझ्याकडून कापून घ्या म्हणेल.

तक्ता आणायचाच असेल, तर चुकीची जबाबदारी कशी वाटायची, हे त्याच कागदावर आधी लिहा. ते न लिहिता नुसते रकाने आणलेत, तर मी विरोधातच राहीन.

काटकोन

ते लिहायला मी तयार आहे. पहिला मसुदा असा: रकाना रिकामा असताना न विचारता कापले तर नुकसान पूर्ण माझे, रकाना भरलेला असून माप चुकीचे निघाले तर भरणाऱ्याचे, आणि पहिले सहा महिने दुसऱ्या प्रकारातही निम्मे माझे. यावर तुमच्या सुतारांचे काय म्हणणे आहे, ते इथे कळवा.